उकरणाऱ्या

गल्लीतला निंब कापला त्या दिवशी
मनपाच्या गाडीमागे ते नवं मशीन होतं.
तोंडात फांदी घातली की दुसरीकडून ढलप्यांचा फवारा.
लकडगंजात आऱ्यावर तीस वर्षं काढली मी,
डाव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आलो,
पण अर्ध्या दुपारीत एक झाड
असं मोजता न येणारं होताना पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, भांडेवाडी लांब पडते,
इथंच कुठं टाकू का?"
मी फाटक उघडलं.

"काहून घेऊन राहिले हा कचरा?" यशोधरा ओट्यावरून.
मला उत्तर सुचलं नाही.
आऱ्यावर आम्ही सागाचे घनफूट मोजायचो,
बीजाच्या भुशानं तळवे पिवळे व्हायचे,
निंबाला गिऱ्हाईकच नसे.

कंबरेएवढा ढीग झाला.
वर कूलरच्या उसवलेल्या ताट्यांचं गवत,
भाजीवाल्याकडची सडकी पानकोबी, चार बादल्या पाणी,
आणि पाच गावरान कोंबड्या.
त्यांना कुणी काही सांगितलं नाही.
उजवा पाय, डावा, परत डावा,
मग एक पाऊल मागे सरून, मान वाकडी करून
काय निघालं ते बघायचं.
मागे सरून बघायचं,
हे आऱ्यावर आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस.
ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर
आत त्याहून जास्त.
मेलेल्याला इतका ताप नसतो,
मी यशोधरेला म्हटलं.
ती म्हणाली, "हात धुऊन जेवाले या."

मग पांढरी बुरशी आली, जुन्या धोतराच्या दशांसारखी.
मग गोमा. मग हुमणी, जाड, वेटोळी,
जिच्यासाठी कोंबड्यांत भांडणं.
जुलैत ढिगाच्या कडेला दोन पानांचं रोप दिसलं,
निंबाचंच असावं.
मुकादमीण आली (सगळ्यांत थोराड, म्हणून ते नाव)
आणि एका चोचीत मिटवून गेली.
मी तिला बोललो नाही.
तिचं काम चालू होतं.

सप्टेंबरात मुंगसानं लंगडीला नेलं.
उरलेली पिसं ढिगातच पुरली.
डिसेंबरात संत्र्याच्या साली टाकल्या,
त्यांना मात्र एकीनंही चोच लावली नाही;
साली आपापल्याच काळ्या पडत गेल्या.
ढीग कंबरेवरून गुडघ्यावर आला, गुडघ्यावरून घोट्यावर.
एवढं लाकूड गेलं कुठं,
हे मी रोज सकाळी चहाच्या वेळी
नव्यानं विचारायचो.

मार्चात रंगारी मास्तर आले,
हातात रंगाची रिकामी बादली.
निंबाची मुळं त्यांच्या संडासाच्या टाकीत शिरली होती;
अर्जावर पहिली सही त्यांची.
वर्षभर आम्ही एकमेकांना फक्त
दुधाच्या पिशवीपुरते दिसलो.
"सूनबाईले गच्चीवर मोगरा लावाचा आहे," ते म्हणाले,
"तुमच्याकडे माती आहे म्हणते."

मी फावड्यानं बादली भरली.
काळी, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखी.
त्यांनी चिमूटभर उचलून नाकाशी नेली,
बराच वेळ धरली.
"याले निंबाचा वास नाही येत."
"नाही येत."
"कायचाच नाही येत."
मी माझ्या तीन बोटांनी बादलीची कड पुसत राहिलो.

बोटं चाळवताना त्यांना एक ढलपी सापडली,
न कुजलेली, सालीसकट.
ती त्यांनी परत टाकली नाही.
चष्म्याच्या खिशात ठेवली,
आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

तेवढ्यात मुकादमीण बादलीच्या काठावर चढली,
उजवा पाय, डावा, परत डावा,
मास्तरांच्या चपलांवर माती उडाली.
ती खाली उतरली,
एक पाऊल मागे सरली,
मान वाकडी करून
आम्हा दोघांकडे बघत राहिली.